फॅमिली डॉक्टरांनी नुसती छाती ऐकून दमा सांगितलाय, फुंकायची टेस्ट मागून घ्यावी का?

निळी छत्री
नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याचं वय ४१. सर्दी झाली की छातीत उतरायची हे आधीपासूनच होतं, पण मागे रात्रीचा कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप सुरू झाली तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी छाती ऐकली, दमा आहे म्हणाले आणि दोन पंप लिहून दिले, एक रोजचा आणि एक लागेल तेव्हाचा. डॉक्टर मनापासून बघतात, त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही. पण स्पायरोमेट्री, म्हणजे ती फुंकायची टेस्ट, आजतागायत एकदाही झालेली नाही. विचारलं तर म्हणाले लक्षणं स्पष्ट आहेत, पंपाने आराम पडतोय, मग टेस्ट कशाला. आराम पडतो हे खरं पण पहाटेचा खोकला काही जात नाही. रोजचं औषध वर्षानुवर्षं घ्यायचं तर निदान आधी पक्कं नको का? आणि आता पंप चालू असताना टेस्ट करून काही कळतं का? डॉक्टरांना वाईट न वाटता हे कसं काढावं तेही सांगा.

पीएफटीवाली
ताई, मी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या तपासणीच्या, लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज हेच काम. टेस्ट नक्की करून घ्या.

होतं काय ते सांगते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, ओठ घट्ट मिटलेले. छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात सोडायचा, आणि मग सोडतच राहायचं, निदान सहा सेकंद. दोन-तीन सेकंदांत सगळ्यांना वाटतं संपली हवा, तेव्हाच आम्ही बाजूला उभं राहून "अजून, अजून, सोडा, थांबू नका" असं ओरडत असतो, कारण तिथे थांबलात तर एकूण हवा कमी मोजली जाते आणि रिपोर्ट भलतंच सांगतो. कमीत कमी तीन नीट फुंका लागतात आणि त्यातल्या चांगल्या दोन एकमेकींच्या १५० मिलीच्या आत यायला हव्यात. मग सॅल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ, १०-१५ मिनिटं बसायचं, परत तेच.

बघायचं असतं ते पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, त्याला एफईव्ही१ म्हणतात. पफनंतर हा आकडा १२ टक्के आणि वर किमान २०० मिली वाढला, दोन्ही गोष्टी, तर छातीतल्या आवळलेल्या श्वासाच्या नळ्या औषधाने मोकळ्या होतायत असा अर्थ आणि दम्याच्या बाजूने तो मोठा पुरावा. कानाने हे मोजता येत नाही. घरघर ऐकू येते पण किती टक्के ते स्टेथोस्कोप सांगत नाही, आणि कधीकधी नळ्या आवळलेल्या असूनही छाती स्वच्छ वाजते.

पंप चालू असला तरी टेस्ट होते. लागेल तेव्हाचा साधारण चार तास आधीपासून घेत नाहीत, रोजच्या पंपात लांब पल्ल्याचं औषध असेल तर २४ तास किंवा जास्त, पण हे डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आणि धाप लागलीच तर सरळ पंप घ्यायचा आणि आम्हाला सांगायचं, टेस्ट नंतर करू.

ओपीडी सांजवेळ
मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे म्हणून आमची बाजूही मांडतो. पेशंट येतो तेव्हा त्याला बोलता येत नसतं, त्या क्षणी फुंकायला लावणं चूकच, आधी आराम द्यायचा. मग दोन दिवसांनी तो बरा असतो, परत येतच नाही, आणि टेस्ट राहून जाते ती राहूनच जाते. शिवाय मशीन नुसतं टेबलावर ठेवून भागत नाही, ३ लिटरच्या सिरिंजने ते तपासत राहावं लागतं, फुंकून घेणारं माणूस शिकलेलं लागतं, आलेख वाचता यावा लागतो. अर्धा तास एका पेशंटला गर्दीच्या ओपीडीत निघत नाही. ही कारणं खरी आहेत, पण म्हणून टेस्टच नको हे मला पटत नाही. ब्लडप्रेशर न मोजता आपण बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवतो का?

कॅनडातला २०१७ साली आलेला अभ्यास बघा. डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ मोठ्या माणसांना नीट तपासलं, औषधं हळूहळू कमी करून परत परत टेस्ट केल्या, तर साधारण तिघांतल्या एकाला त्या वेळी दमा नव्हताच. आणि अशा लोकांत सुरुवातीला फुंकायची टेस्ट झालेले कमी होते. काहींचा दमा मधल्या काळात शांत झाला असेल हेही खरं. पण थोड्या जणांना हृदयाचा वगैरे गंभीर आजार निघाला, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पंपाने बरं वाटलं हा पुरावा कच्चा आहे, व्हायरल नंतरचा खोकला पंप न घेताही जातो.

तुमच्या डॉक्टरांना एवढंच म्हणा, "डॉक्टर, पहाटेचा खोकला अजून आहे, एकदा टेस्टचा सुरुवातीचा आकडा रेकॉर्डला असावा असं वाटतं, कुठे करून घेऊ?" कुठलाही चांगला डॉक्टर याने दुखावणार नाही. आणि सोबत पंप घेऊन जा, त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. खोकला न जाण्याचं कारण बऱ्याचदा पंप घ्यायच्या पद्धतीतच सापडतं.

शाळेची घंटा
वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दमा नाही असं कुणी म्हणालं तर तिथे थांबू नका. माझ्या मुलीचं तेच झालं, टेस्टच्या दिवशी ती एकदम ठणठणीत, रिपोर्ट नॉर्मल, आम्हाला सांगितलं काही नाही, आणि पोरगी रात्री उठून बसायची. दमा वरखाली होणारा आजार आहे, सकाळी अकराला पकडला जाईलच असं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर दिलं, म्हणजे हवा किती जोरात बाहेर पडते ते मोजणारं हातात धरायचं छोटं यंत्र, सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, दोन आठवडे. पहाटेचे आकडे बघूनच त्या म्हणाल्या हे बघा, इथे आहे तो.

ओपीडी सांजवेळ
अगदी बरोबर. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यातला फरक त्या दिवसाच्या सरासरीच्या किती टक्के ते रोज काढायचं आणि दोन आठवड्यांचं ॲव्हरेज घ्यायचं. मोठ्यांमध्ये १० टक्क्यांच्या वर आणि मुलांमध्ये १३ टक्क्यांच्या वर गेलं तर दम्याकडे बोट जातं. मशीन नसलेल्या फॅमिली डॉक्टरला एवढं तरी नक्की जमतं. अर्थात रोजचं औषध चालू असताना हा फरक कमी दिसू शकतो, आणि दोन्हीकडून काही हाती लागलं नाही तर मग छातीच्या डॉक्टरांकडे, तिथे मेथाकोलीन हे नळ्या आवळणारं औषध देऊन नळ्या किती चटकन आवळतात तेही बघता येतं.

निळी छत्री
खूप आभार सगळ्यांचे, बराच गुंता सुटला. सोमवारी दोघं जातोय, पंप सोबत नेते. एकच शंका, नणंदेकडे एक जुनं पीक फ्लो मीटर पडून आहे, टेस्टची तारीख मिळेपर्यंत ते वापरलं तर चालेल ना?

पीएफटीवाली
जुनं नको ताई, आतला काटा अडकत असेल तर आकडे फसवतात, आणि तोंडाला लावायची वस्तू आहे. नवीन घ्या आणि शेवटपर्यंत तेच एक वापरा, दोन मीटरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. उभं राहून फुंकायचं, काटा दरवेळी शून्यावर आणून. वहीत आकड्यापुढे पंप घेण्याआधी की नंतर तेही लिहा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.