मदत हवी आहे: इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को, तिकिटावरचे तास आणि आईच्या गोळ्या

मंडळी, नमस्कार. मी इंदूरचा, रामबागेत राहतो. मे महिन्यात आई (वय ७४) ताईकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहे, एकटीच. इंदूरहून दिल्ली आणि तिथून थेट. तिला विमानाची भीती नाही, माझंच डोकं वेळेच्या हिशोबात अडकलंय.

तिकिटावर दिल्लीहून पहाटे ४ ला निघून त्याच तारखेला सकाळी ७ ला पोचणार, असं आहे. आई म्हणाली, "तीन घंट्यांत अमेरिका? भोपाळला जायला याच्यापेक्षा जास्त लागतात की रे!" परतीला सकाळी १० ची निघून दुसऱ्या दिवशी दुपारी २:३० ला दिल्ली, म्हणजे साडेअठ्ठावीस तास! मेमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. ते धरलं की जाताना साडेपंधरा आणि येताना १६ तास निघतात. इथवर जमलं.

पण दिल्लीपासूनचं अंतर सगळीकडे सुमारे १२,४०० किमी दाखवतात. ताशी ९०० चा वेग धरला तर पावणेचौदा तास पुरावेत. मग वरचा वेळ जातो कुठे? मुलाच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून पाहिला, तर तो पार उत्तर ध्रुवाच्या अंगाने गेला. विमान खरंच तिकडून जातं का?

आणि मुख्य प्रश्न: आईला रक्तदाबाची गोळी सकाळी आणि साखरेची दोन्ही जेवणांआधी असते. विमानात सकाळ कुठली धरायची? शिवाय इंग्रजीची बोंब. कुणी वडीलधाऱ्यांना असं एकटं पाठवलंय का?

प्रतिसाद:
तुमचा दोरा बरोबर आहे, १२,४०० म्हणजे तोच. पण विमान वारा बघून रस्ता धरतं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने याच मार्गाचं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमी झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीशी. ध्रुवाकडूनही विमानं नेतात. वेळापत्रकातले तास विमान इथल्या गेटवरून हलल्यापासून तिथल्या गेटशी थांबेपर्यंतचे असतात, धावपट्टीवरची रांगही त्यातच आली.

गोळ्यांचं इथे कुणाला विचारू नका, डॉक्टरांनाच विचारा. मी बाबांच्या वेळी "निघाल्यापासून इतक्या तासांनी ही गोळी" असा कागद डॉक्टरांकडून करून घेतला होता आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवलं. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नको. व्हीलचेअर निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा. सोबत माणूस मिळतो, म्हणजे दिल्लीला शोधाशोध नाही आणि तिकडे इमिग्रेशनलाही धीर असतो.

धागाकर्ता:
फार आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन कागद करून आणला. जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय साखरेची गोळी घ्यायची नाही, असं त्यांनी आईला दोनदा बजावलं. व्हीलचेअरला आई आधी बिथरली, "मी काय लंगडी आहे?" म्हणाली. रांग चुकते म्हटल्यावर तयार झाली. ताईला मात्र फोनवर अजून तीन घंटेच सांगतेय.