ती रिकामी खुर्ची : तुम्ही बसलात का?

लॉस एंजेलिसहून, धागाकर्ती

गेल्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. एका संध्याकाळी त्यांना ग्लेनडेलच्या सेंट्रल पार्कात नेलं. तिथे इथल्या कोरियन लोकांनी पुढाकार घेऊन बसवलेला ब्राँझचा पुतळा आहे. कोरियन पोशाखातली एक कोवळी मुलगी खुर्चीवर बसलेली, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. आई चालून दमली होती, ती सरळ त्या रिकाम्या खुर्चीत टेकली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मी "अगं, तिथे नको" म्हणणार, एवढ्यात बाबांनी फलक मोठ्याने वाचायला घेतला. 'मी जपानी लष्कराची लैंगिक गुलाम होते' अशी त्याची सुरुवात आहे. बाबांचा आवाज मधेच बारीक झाला. पुढचं त्यांनी मनात वाचलं.

आई उठली नाही. वाकून त्या मुलीच्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाली, "हिच्या टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत गं."

मी तिथे चार-पाच वेळा गेले असेन. वळलेल्या मुठी, कसेतरी कापलेले केस, खांद्यावरचा पक्षी, मागे जमिनीवर तिची सावली म्हणून उमटवलेली म्हातारी, सगळं पाहिलं होतं. टाचा नव्हत्या पाहिल्या. नंतर वाचलं, की लष्कराच्या तावडीतून ज्या परत आल्या त्यांना स्वतःच्या गावातही पाय टेकायला जागा मिळाली नाही, म्हणून टाचा तशा आहेत.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९३० च्या दशकापासून १९४५ पर्यंत जपानी लष्कराने कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा अनेक ठिकाणच्या मुलींना सैनिकांसाठी डांबून ठेवलं. नाव दिलं 'कम्फर्ट विमेन'. मराठीत याला काय म्हणायचं, हे मला आईला सांगताना सुचेना. पहिला पुतळा डिसेंबर २०११ मध्ये सोलला जपानी वकिलातीसमोर बसला. ग्लेनडेलचा ३० जुलै २०१३ चा. २००७ साली त्याच तारखेला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने जपानने माफी मागावी असा ठराव केला होता.

तुमच्या गावात असं काही आहे का? गेलात तेव्हा काय केलंत?

न्यू जर्सीहून

आमच्याकडे खुर्ची नाही, दगड आहे. पॅलिसेड्स पार्क नावाच्या गावात, वाचनालयाजवळ. गावात निम्म्याहून जास्त वस्ती कोरियन, दुकानांच्या पाट्याही कोरियनच. २०१० साली तो दगड आणि त्यावरचा फलक बसला. मी लेकाची पुस्तकं परत करायला निदान वीसदा त्याच्यासमोरून गेलो असेन. वाटायचं, कुणा देणगीदाराचं नाव असेल. २०१२ मध्ये बातमी आली, की जपानी अधिकारी येऊन हा फलक काढा म्हणून सांगून गेले. गावाने काढला नाही. त्या शनिवारी पहिल्यांदा थांबून वाचला. काढा म्हणाले म्हणून वाचला, नाहीतर आजही वाचला नसता!

शेजारच्या फोर्ट लीमध्ये २०१८ ला झालेलं स्मारक तर शाळकरी पोरांनी पाठपुरावा करून उभं केलं.

अर्व्हाइनहून

मी बसले नाही. बसणार नाही. स्पष्टच लिहिते, मला हे प्रकरण पटत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचं भांडण ग्लेनडेलच्या बागेत कशाला? पुतळा हटवावा म्हणून २०१४ मध्ये खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये तिथेही दाद लागली नाही. एवढं सगळं एका बागेपायी.

हे मी माझ्या जपानी-अमेरिकन शेजारणीला बोलून दाखवलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने असेल. तिची आजी युद्धात मांझनारच्या छावणीत होती, जपानी वंशाची म्हणून अमेरिकेनेच डांबलेली. ती म्हणाली, "आमच्या छावणीची पाटीसुद्धा लोकांना नकोच होती." मग कुत्र्याला घेऊन निघून गेली. माझं मत बदललं नाहीये, पण तेव्हापासून जरा जपून मांडते.

सॅन फ्रान्सिस्कोहून

इथल्या सेंट मेरीज स्क्वेअरमध्ये २०१७ पासून आहे. खुर्ची नाही. एका खांबावर तीन मुली, चिनी, कोरियन आणि फिलिपिनो, बाहेरच्या बाजूला तोंड करून हात धरून उभ्या. खाली जमिनीवर एक आजी त्यांच्याकडे बघत उभी. ही किम हाक-सुन. १४ ऑगस्ट १९९१ ला दक्षिण कोरियात 'हो, माझ्यावर हे झालं' असं नावानिशी, चेहऱ्यानिशी पहिल्यांदा सांगणारी. बाकीच्या तिच्यानंतर बोलत्या झाल्या. इथे पुढाकार चिनी-अमेरिकन समाजातल्या दोन निवृत्त महिला न्यायाधीशांचा, पण सोबत कोरियन, फिलिपिनो, जपानी-अमेरिकनही. जपानमधल्या ओसाकाच्या महापौरांनी या पुतळ्यापायी १९५७ पासूनचं भगिनी-शहराचं नातं २०१८ मध्ये तोडून टाकलं.

ऑफिस जवळ, त्यामुळे कधीकधी तिथे डबा खातो. आजी जमिनीवरच असल्यामुळे तिच्या शेजारी उभं राहता येतं, आणि मग आपणही वरच बघायला लागतो. एकदा माझी फिलिपिनो सहकारी बरोबर होती. मनिलाला असाच पुतळा २०१७ च्या डिसेंबरात बसला आणि पाच महिन्यांच्या आत रातोरात हलवला. ती खांबाभोवती फिरून आपल्यातली मुलगी कुठली ते शोधत होती. सापडल्यावर तिने फोटो काढला तो फक्त हातांचा.

पूर्वी बर्लिन, आता नाशिक

मी बसले! बर्लिनच्या मोआबिट भागात, आमच्या कोपऱ्यावरच. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या कोरियन संघटनेने पुतळा बसवला, दहा दिवसांत पालिकेने काढायची नोटीस दिली, लोक रस्त्यावर उतरले आणि तेव्हा तो राहिला; २०२५ मध्ये मात्र तिथून हलवला. ते लॉकडाउनचे दिवस. मी एकटी, घरात बोलायला कुणी नाही. संध्याकाळी जाऊन त्या खुर्चीत बसायचे. इतिहास वगैरे काही डोक्यात नसायचं, खोटं कशाला सांगू. थंडीत कुणीतरी तिच्या गळ्यात लोकरीचा स्कार्फ घातला होता, हाताने विणलेला, एका टोकाला टाका सुटलेला.

ठाण्याहून

विषयाला थोडं सोडून. आम्ही अंदमानला गेलो ते सावरकरांची कोठडी बघायला, सगळे मराठी लोक जातात तसे. १९४२ च्या मार्चपासून युद्ध संपेपर्यंत तिथे जपानी होते, हे तिकडे गेल्यावर डोक्यात शिरलं. ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला ४४ जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या, त्याचं स्मारक आहे. आमच्या टूरच्या गाडीत ते नव्हतं, वेगळी रिक्षा करून गेलो. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

धागाकर्ती

आईला फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्या बर्लिनच्या पोरीला विचार, त्या स्कार्फचा टाका कुणी घातला का?"

पूर्वी बर्लिन, आता नाशिक

काकूंना सांगा, मी घातला. काळ्या दोऱ्याने, घरात तेवढाच होता.