रानात काढलेल्या प्री-वेडिंग फोटोत चेहरे हिरवट यायलेत, काय करावं?

लातूरचा_कॅमेरेवाला
राम राम मंडळी. एका पाहुण्याच्या ज्वारीच्या रानात प्री-वेडिंग केलं, ज्वारी छातीएवढी, मागं तूर फुललेली, लोकेशन एक नंबर. पण नवरीकडचे यायला उशीर झाला न् सुरुवातच साडेअकराला झाली. अर्धे फोटो ज्वारीत काढले, अर्धे बांधावरच्या कडुलिंबाखाली. आता पीसीवर बघतो तर हनुवटीखाली न् मानेवर हिरवट झाक, लिंबाखालच्या फोटोत गालावर नाकावर उन्हाचे पांढरे ठिपके, डोळ्याखाली काळं. फाइल रॉ आहेत (म्हणजे रंग नंतर बदलता येतो), व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणं रंग जुळवायची सेटिंग, ऑटो होता. टेम्परेचर (पिवळं-निळं कमीजास्त करायचा स्लायडर) वाढवलं की नवरदेव हळद लागल्यावानी दिसायलाय, कमी केलं की नवरी निळी पडायली. त्यात नवरीची आत्या म्हणायली पोरगी जरा गोरी करा. काय करावं सांगा राव, अल्बम लवकर द्यायचाय.

गोदाकाठ_क्लिक्स
रॉ आहे म्हणजे निम्मं टेन्शन गेलं. टेम्परेचरचा स्लायडर सोडा आधी, तुमचा घोळ टिंटचा, म्हणजे हिरवं ते मजेंटा (गुलाबी-जांभळं) कमीजास्त करायच्या स्लायडरचा आहे. ज्वारीवर ऊन पडून हिरवा उजेड खालून वर उसळतो न् हनुवटीला, मानेला लागतो, कपाळावर मात्र वरचं पांढरं ऊन. एकाच तोंडावर दोन रंगाचे उजेड, मग पूर्ण फोटोला एक व्हाइट बॅलन्स लावून कसं जमल? कपाळ, गाल बघून आधी बेसिक सेट करा, मग मान न् हनुवटीवर ब्रशनं मास्क काढा, म्हणजे फक्त तेवढा भाग निवडा, आणि तेवढ्याच भागात टिंट थोडं मजेंटाकडं न्या, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) जरासं कमी. थोडंच बरं का, जास्त केलं की मान वांग्याच्या रंगाची होते. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे २०२२ पासून माणूस ओळखून फक्त त्वचेचा मास्क होतो, त्यानं लई वेळ वाचतो.

अजून एक, डोळ्यावर भरोसा ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या आलेखाखालचे लाल-हिरवा-निळ्याचे आकडे बघा. गालावर कर्सर ठेवला की लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा असं पाहिजे. हिरवा लालच्या लई जवळ आला की माणूस आजारी दिसतो.

दौलताबादी
वरच्या भाऊचं बरोबर आहे. फक्त कातडीचा रंग बदलायला ऑरेंजचा स्लायडर सगळ्या फोटोला लावू नका, नवरीच्या साडीचे काठ न् बांधावरची माती पण त्यातच बदलती.

ठिपक्याचं मात्र अवघड आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत लाल चॅनल (फोटोतल्या लाल-हिरवा-निळ्यातला लाल) सगळ्यात आधी जळतो, म्हणजे जास्त उजेडानं त्यातला तपशील जातो, आणि तिन्ही चॅनल जळाले की रॉमधी पण तिथं काही शिल्लक नसतं, हायलाइट कितीबी ओढा, राखाडी डाग येतो. शेजारची कातडी घेऊन क्लोन करता येतं पण बारीक ठिपका असल तरच. पुढच्या टायमाला लिंबाच्या, चिंचेच्या विरळ सावलीत माणूस उभाच करू नका. दाट सावली नाहीतर घराची, गढीच्या भिंतीची सावली पहा. उन्हातच काढायचं असल तर सूर्य पाठीमागं ठेवा आणि समोरून पांढरं थर्माकोल धरा, डेकोरेशनवाल्याकडं फुकट भेटतं. सोनेरी रिफ्लेक्टर दुपारी नको, आधीच पिवळं त्यात अजून पिवळं. सावलीत व्हाइट बॅलन्स ७००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, उन्हात ५५०० ला फिक्स करा, ऑटो ठेवला की ज्वारी बघून दर फोटोला मत बदलतो.

आणि बॅकग्राउंड बघून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं हे ध्यानात ठेवा. बीबी का मकबऱ्यासमोर पांढरं जास्त असतंय म्हणून कॅमेरा एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाडतो न् चेहरे काळे येतात. दौलताबादच्या काळ्या दगडापुढं उलटं, चेहरे फटफटीत. स्पॉट मीटरिंग (एका छोट्या जागेचाच उजेड मोजणं) गालावर घ्या.

लातूरचा_कॅमेरेवाला
लई धन्यवाद दोघांला. मानेचा मास्क करून बघितला, ज्वारीतले जवळपास सगळे जमले. आता आत्याचं काय करू?

अंबाजोगाईची_ताई
मी रिटचिंगचंच काम करते. आत्याला "करते की" म्हणा आणि नवरीचा चेहरा फक्त अर्धा स्टॉप (उजेडाचं माप), म्हणजे थोडासाच, उजळा, रंग आहे तोच ठेवा. डोळ्याखालचं काळं उचललं की लोकांला वाटतं पोरगी गोरी झाली, खरं तर उजेड सारखा झालेला असतो. हात, मान, पाय एका रंगाचे न् तोंडच पावडर लावल्यावानी, असा अल्बम नवरीलाच आवडत नाही, वर नवरदेवाच्या शेजारी उभं केल्यावर दोघं दोन वेगळ्या फोटोतून आणून चिकटवल्यासारखे दिसतात. फायनलला आत्याला नका विचारू, नवरीला विचारा.

प्रिंटला देण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा, फुल ब्राइटनेसवर एडिट केलेला अल्बम छापून काळपट येतो. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंग-सेटिंगमधी द्या, लॅबवाल्यानं दुसरं काही सांगितलं नसल तर. आणि आधी एकदोन छोट्या प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या ट्यूबखाली नको.

लातूरचा_कॅमेरेवाला
हाव ताई, करतो. लिंबाखालच्या त्या ठिपक्यावाल्याचं काय पण? नवरीला त्यातली एक पोज लई आवडली आहे.

दौलताबादी
ब्लॅक अँड व्हाइट करा, त्यात ठिपके खपून जातात, उलट भारी दिसतात. पण घरच्यांला आधी विचारून घ्या, लग्नाच्या अल्बमात काळं-पांढरं कामून टाकलं म्हणून म्हाताऱ्या भांडतात. नाहीच चाललं तर डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास बुडतो, पाचला त्याच बांधावर दोघांला बोलवा न् तेवढी एक पोज परत घ्या.