बी विंगचे सोलर : कोटेशन मंजूर करण्यापूर्वी

सचिव :
नमस्कार. बी विंगच्या गच्चीवरील पाणी तापवणाऱ्या सोलरविषयी गेल्या हिवाळ्यापासून येत असलेल्या तक्रारींवरून समितीने दोन प्रस्ताव मागवले आहेत. जुन्या काचनळ्या आणि टाक्या काढून तितक्याच, म्हणजे ४,००० लिटर क्षमतेची नवी यंत्रणा बसवणे हा पहिला, तर गरम पाण्याची व्यवस्था बंद करून त्या जागी सौर विजेचे पॅनेल लावणे हा दुसरा प्रस्ताव आहे. सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांनी आपली मते येथे मांडावीत. वाढदिवसाच्या शुभेच्छा दुसऱ्या ग्रुपवर द्याव्यात, ही विनंती.

बी-२०२ :
सचिव साहेब, सकाळी सहाच्या सुमारास नळ सोडला की चार बादल्या गार पाणी वाहून गेल्यावर आमच्याकडे कोमट पाणी येऊ लागते. ते पाणी आम्ही फरशीसाठी आणि कपड्यांसाठी भरून ठेवतो, पण बाथरूममध्ये बादल्या ठेवायलाही मर्यादा आहे. मुलांची शाळेची बस चुकू नये म्हणून अखेर गिझरच लावावा लागतो. वरच्या मजल्यांवर मात्र हात भाजेल इतके कडक पाणी येते, असे ऐकते.

बी-११०१ :
वहिनी, आमच्याकडे पाणी कडक येते हे खरे आहे, परंतु साडेआठनंतर आम्हालाही ते मिळत नाही.

बी-६०४ :
या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन इंची नळीत मीटरमागे साधारण दोन लिटर पाणी मावते. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत आपली उभी लाइन तीसेक मीटर आहे, म्हणजे रात्रभर डक्टमध्ये गार झालेले साठ लिटर पाणी बाहेर पडल्याशिवाय खालच्या घरात गरम पाणी पोहोचूच शकत नाही. वहिनींच्या चार बादल्या त्या याच. गच्चीवर उद्या नवी कोरी यंत्रणा बसवली, तरी या बादल्यांत एका तांब्याचाही फरक पडणार नाही. याला उपाय आहे तो परतीच्या लाइनचा. सर्वांत खालच्या मजल्यावरून एक बारीक नळी पुन्हा गच्चीवर न्यायची, तिच्यावर छोटा पंप, टायमर आणि एन.आर.व्ही. (पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवायचा, आणि पहाटे साडेपाचला पंप सुरू होऊन परत येणारे पाणी गरम झाले की तो आपोआप थांबेल अशी व्यवस्था करायची. त्याच वेळी डक्टमधील गरम नळीचे इन्सुलेशनही नव्याने करावे लागेल, कारण सध्याचे इन्सुलेशन जागोजागी सुटून लोंबत आहे आणि आठव्या मजल्याच्या खाली तर ते उरलेलेच नाही.

साडेआठनंतरची तक्रार टाकीच्या स्वभावातून येते. जितके गरम पाणी आपण काढतो तितकेच गार पाणी खालून टाकीत शिरते आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-दहापर्यंत उन्हाला म्हणावा तसा जोर नसतो, त्यामुळे सकाळी संपलेला साठा दुपारीच पुन्हा तापतो. सकाळी गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, अशी सूचना मागे एकदा आली होती, ती कृपया पुन्हा कोणी अमलात आणू नये. टाकी रिकामी होऊन काचनळ्या कोरड्या पडल्या आणि त्या उन्हात तापल्यावर कोणी व्हॉल्व्ह उघडला, तर गार पाणी लागताच काच तडकते.

तिसरा मुद्दा कोटेशन देणाऱ्यांपैकी कोणीच काढलेला नाही. आपल्या इमारतीत गार पाणी प्रेशर पंपाने येते, तर सोलरचे गरम पाणी केवळ उंचीच्या दाबावर उतरते. एखाद्या घरात मिक्सर उघडा ठेवून पुढची तोटी किंवा जेट स्प्रे बंद केला असेल, तर जास्त दाबाचे गार पाणी मिक्सरमधून उलटे गरम लाइनमध्ये घुसते. अशी दोन-तीन घरे असली तरी संपूर्ण लाइन कोमट होते, आणि दोष गच्चीवरच्या यंत्रणेला लागतो. प्रत्येक बाथरूमच्या गरम जोडणीवर एन.आर.व्ही. बसवणे हाच यावर खात्रीचा मार्ग आहे.

बी-९०३ :
काका, आपले विवेचन पटते, पण मग एवढ्या प्लंबिंगच्या मागे लागण्यापेक्षा विजेचे पॅनेल अधिक सोयीचे नाहीत का? पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपांचे बिल कमी होईल आणि ज्याला गरम पाणी हवे तो आपापला गिझर लावेल.

बी-६०४ :
लिफ्ट आणि पंपांसाठी पॅनेल लावण्यास माझा पूर्ण पाठिंबा आहे. गरम पाण्याच्या बदल्यात ते लावण्यास मात्र विरोध आहे आणि त्याचे कारण गच्चीची जागा हे आहे. शंभर लिटर पाणी ३५ अंशांनी तापवण्यासाठी सुमारे चार युनिट लागतात, म्हणजे ४,००० लिटरला १६० युनिट. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. हा हिशेब केला तर चाळीस किलोवॉट आणि चार हजार चौरस फूट गच्ची हवी. तेवढी आपल्याकडे नाही. पाणी थेट उन्हावर तापवले, तर तेच काम याच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास जागेत होते. हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घेतल्यास विजेची गरज साधारण एक-तृतीयांशावर येते, त्यामुळे तो पर्याय विचारात घेण्यासारखा आहे, परंतु डक्टमधून गार पाणी उतरण्याचा प्रश्न त्यातही जसाच्या तसा राहतो. पावसाळ्यात तर सोलर काय नि पॅनेल काय, दोन्ही ढगांच्या मर्जीवर.

खजिनदार :
एक आर्थिक बाब नमूद करतो. महापालिका मिळकतकरात सोलर, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एका प्रकल्पाला ५ टक्के, तर दोन किंवा अधिक प्रकल्पांना १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू स्थितीत असणे ही त्यातील अट आहे. आपले गांडूळखताचे हौद कोरडे पडून आहेत, हे सर्वांना ठाऊक आहेच, त्यामुळे पावसाच्या पाण्याबरोबर सोलर हाच आपला दुसरा प्रकल्प उरतो.

बी-२०२ :
काका, जुन्या नळ्यांचे काय करायचे? एप्रिल-मे महिन्यांत टँकरचे पाणी येते तेव्हा बादलीच्या कडेलाही पांढरा थर धरतो.

बी-६०४ :
वहिनी, तोच थर काचनळीच्या आत बसतो आणि पाणी तापणे मंदावते. नळ्या काढून क्षार साफ करून घ्याव्यात, तडकलेल्या तेवढ्या बदलाव्यात आणि टँकरचे पाणी सोलरच्या टाकीला जाणार नाही अशी जोडणी करावी. संपूर्ण यंत्रणा बदलण्याची आवश्यकता मला आज तरी दिसत नाही. रविवारी पहाटे गच्चीवरच्या टाकीचे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नळाचे तापमान एकाच वेळी मोजले, तर उष्णता कोठे हरवते हे स्पष्ट होईल. टाकीतच पाणी कोमट निघाले, तर मी माझे म्हणणे मागे घेईन.

सचिव :
काकांची सूचना मान्य आहे. सभेपर्यंत दोन्ही कोटेशन स्थगित ठेवत आहे. रविवारी साडेपाचला वॉचमन गच्ची उघडतील आणि त्याच दिवशी प्लंबर प्रत्येक घरातील मिक्सर तपासतील. बी-५०३ आणि बी-८०२ ही घरे सध्या कुलूपबंद असून, त्यांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी मला शनिवारपर्यंत स्वतंत्र संदेश पाठवावा.