चोखोबा, बाबासाहेब आणि माझा झालेला गोंधळ (वाचणाऱ्यांनी मदत करा)

बार्शीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या घरी माळ आजोबांपासून. एकादशी, हरिपाठ, आषाढीला सुट्टी मिळेल तेवढं चालणं, हे सगळं मी आवडीनं केलंय आणि कधी फार डोकं लावलं नाही त्यात. मधे वाचनाचं खूळ शिरलं आणि तिथून घोटाळा सुरू.

पहिलं हाती लागलं ते इरावतीबाई कर्व्यांचं 'परिपूर्ती', त्यात 'वाटचाल' म्हणून वारीवरचा लेख आहे. दिंडीत दिवसभर एकत्र चालायचं, एकत्र अभंग म्हणायचे आणि जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांचं वेगळं मराठ्यांचं वेगळं, हे बाईंना सलत राहतं. पण म्हणून त्या गाठोडं उचलून परत जात नाहीत, चालत राहतात, ते मला फार आवडलं. मग ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' घेतलं. जाडजूड आहे, तळटीपांनी दम काढला, पण मुद्दा जबरी, की पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, विठ्ठल-बिरोबा अशी जोडी, पट्टणकोडोलीला अजून तशी दिसते, आणि विष्णूचं कृष्णाचं रूप त्यावर नंतर चढलं. हे घरी जेवताना सांगितलं तर आमचे अण्णा म्हणाले, "मग? धनगराचा देव देव नसतो का?" संपला विषय, त्यांनी आमटी वाढून घेतली.

इथपर्यंत ठीक होतं. मग ऑफिसातल्या मित्रानं बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण दिलं वाचायला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, मंडळाला मजकूर पेलवला नाही, अधिवेशनच रद्द, मग बाबासाहेबांनी १९३६ मधे ते स्वतः छापलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. मला जे लागलं ते पुढच्या आवृत्तीत गांधीजींना दिलेलं उत्तर आहे. गांधीजी म्हणतात ज्या धर्मात चैतन्य, ज्ञानदेव, तुकाराम, तिरुवल्लुवर झाले तो धर्म तुम्ही म्हणता तसा कसा असेल. त्यावर बाबासाहेबांचं म्हणणं असं की संतांनी जातीविरुद्ध मोहीम उघडलीच नाही, माणसामाणसातला झगडा हा त्यांचा विषय नव्हता, देव आणि भक्त एवढाच होता. आणि देवाच्या नजरेत सगळे सारखे म्हणून जातीच्या केसालाही धक्का लागत नाही. पुस्तक मिटलं आणि दोन दिवस कुठल्याच अभंगाला हात लावला नाही.

बरं, याच माणसानं १९४८ साली 'द अनटचेबल्स' काढलं तेव्हा अर्पण कुणाला केलं, तर नंदनार, रविदास आणि चोखामेळा! मग हे कसं जुळवायचं?

आणि दुसरं म्हणजे आमच्या मंडळात चोखोबांचा 'जोहार मायबाप' (जोहार म्हणजे महारांनी वाकून घालायचा नमस्कार) फार रंगतो, टाळ मस्त धरतात लोक. आता म्हणताना अडखळायला होतं. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेला माणूस भिंत अंगावर पडून गेला आणि त्याचा जोहार आपण ठेक्यात म्हणतोय. असं कुणाला झालंय का? आणि पुढं काय वाचू? राजकारण नको प्लीज, पुस्तकांवर बोला.

माळकरी_काका

बाळा, पुस्तकं वाचून श्रद्धा ठरत नसते. गाथा उघड, रोज दोन अभंग वाच आणि यंदा पूर्ण वारी कर. दिवेघाट चढताना असले प्रश्न पडत नाहीत, दम लागलेला असतो. संतांना जात चिकटवायचं काम नंतरच्या विद्वानांनी केलं. रामकृष्णहरी.

निळाई

काका, दमायच्या आमच्या पणज्या पण दमायच्या. फक्त त्यांची वारी महाद्वाराच्या अलीकडं संपायची. चोखोबांची समाधी नामदेव पायरीच्या समोर आहे ना, बाहेर, १९४७ पर्यंत आमच्या लोकांची हद्द तिथवर. संतांना जात विद्वानांनी नाही चिकटवली, चोखोबा स्वतःच अभंगात सांगतो त्याची जात, कारण दारात त्याला तीच विचारायचे.

बार्शीकर, मी फलटणकडची, बौद्ध घरातली. आमच्याकडं ५६ च्या धर्मांतरानंतर देव घराबाहेर गेले, पण आजी जमिनीवरनं उठताना गुडघ्यावर हात ठेवून "विठ्ठला" म्हणायचीच आणि आम्ही पोरं हसलो की "तोंडात बसलंय" म्हणायची. चोखोबाचं नाव मात्र आमच्यात कुणी कौतुकानं घ्यायचं नाही. जोहार घालणारा, नशीब मागच्या जन्मावर ढकलणारा, त्याला आदर्श काय मानायचं, असं वडील म्हणायचे आणि मला ते पटायचं, अजूनही बरंच पटतं.

पुस्तक सांगायचं तर बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' आधी वाचा. त्यातला आषाढ तुमच्या आषाढापेक्षा वेगळा आहे. महारवाड्यातली सारवासारव, देवीचं वारं अंगात येणं, पोटचा पोरगा पोतराज म्हणून सोडणं. बाई देवाधर्मावर प्रेमानं पण लिहीत नाहीत नि कुत्सितपणे पण नाही, उपाशी माणसाचं देवाशी काय नातं असतं ते समोर ठेवतात आणि मग बाबासाहेबांचं नाव गावात पोचल्यावर तेच लोक कसे बदलले ते सांगतात. श्रद्धा आणि न्याय ह्यात तुम्ही अडकलात ना, ते एका वस्तीत, एका घरात कसं दिसतं ते इथं कळेल.

आणि जोहाराचं म्हणाल तर माझा प्रश्न उलटा आहे. तुमच्या मंडळात कर्ममेळा कधी म्हणतात का? चोखोबाचा मुलगा. तो सरळ देवालाच धरतो:

आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमचे चित्ता ॥

देवा तुला लाज वाटत नाही का, असं त्या काळात विचारलंय पोरानं. आणि आई सोयराबाई. तिचं 'अवघा रंग एक झाला' किशोरीताईंमुळे सगळ्यांना पाठ, पण तिचंच 'देहासी विटाळ म्हणती सकळ' कितीजणांनी ऐकलंय? अख्खं घर भांडत होतं, आणि भजनात आला तो जोहार. अडखळायला होतंय तर त्याचं कारण चोखोबा नाही, काय गायचं ते निवडणारे आहेत.

जुनी_कात्रणं

निळाई +१, त्यांच्यानंतर बोलायचं म्हणजे अवघड काम.

अर्पणपत्रिकेचं कोडं तारखा मांडल्या की बरंच सुटतं असं मला वाटतं. बाबासाहेबांचे वडील रामजी कबीरपंथी, घरात भजनं दोहे रोजचे, म्हणजे संतसाहित्य त्यांना बाहेरून कळलेलं नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला त्याच्या डोक्यावर तुकोबा, "काय करूं आतां धरूनिया भीड, निःशंक हें तोंड वाजविलें". एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आला त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. म्हणजे तोवर भाषा संतांचीच होती, ह्याच शब्दांनी ह्याच समाजाला जागं करता येईल अशी आशा असणार. त्याच वर्षी मार्चमधे चवदार तळं, डिसेंबरमधे मनुस्मृती. मग २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू, तो किती वर्षं चालला आणि दार उघडलं का, हे सगळ्यांना माहीत आहे. १३ ऑक्टोबर १९३५, येवला, हिंदू म्हणून मरणार नाही. आणि त्यानंतर ३६ चं भाषण आणि गांधीजींना उत्तर. दारात पाच वर्षं काढून परतलेल्या माणसाला कुणी म्हटलं की "अहो पण आमच्यात तुकाराम झाले", तर तो काय उत्तर देणार?

अजून एक गोष्ट बघ. गांधीजींनी जी नावं घेतली त्यात रामकृष्ण परमहंस आहेत, राममोहन रॉय आहेत, विवेकानंद आहेत. चोखामेळा नाही. आणि बाबासाहेबांनी अर्पणपत्रिकेत जी तीन नावं घेतली ती तिन्ही अस्पृश्य घरात जन्मलेल्यांची, स्वतःच्या भक्तीनं आणि सद्गुणांनी लोकांचा आदर मिळवलेल्यांची. तिथं माणसांचा मान आहे. उत्तरात हल्ला आहे तो 'आमच्याकडे संत झाले, आता काय हवं' ह्या पळवाटेवर. मला ह्यात विसंगती दिसत नाही.

वाचायला गं. बा. सरदारांचं 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' घे, छोटं आहे. रानड्यांनी मराठ्यांच्या उदयाचं श्रेय संतांना दिलं, राजवाड्यांना वाटायचं संतांनी लोकांना निवृत्त करून टाकलं, हे भांडण जुनंच आहे, सरदार दोन्हीकडचं तोलून बघतात. शिवाय फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. पक्षाघातानं उजवा हात गेला तर डाव्या हातानं लिहून पूर्ण केलं आणि छापून आलं १८९१ ला, ते गेल्यावर. फुले नास्तिक होते असं कुणी सांगितलं तर हे पुढं कर, त्यात पानोपानी निर्मिक, म्हणजे सृष्टी घडवणारा देव, आहे. एका घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी आणि सगळ्यांनी गुण्यागोविंदानं राहावं, असं लिहिलंय त्यांनी. आज लिहून बघा फेसबुकवर.

चंद्रभागेकाठचा

पंढरपुरातच राहतो म्हणून थोडी भर. मंदिर अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींचं उपोषण १ मे ते १० मे १९४७, तनपुरे महाराजांच्या मठात. गांधीजींचा सुद्धा त्याला सुरुवातीला पाठिंबा नव्हता, तरी गुरुजी हटले नाहीत. शाळेत आम्हाला श्यामची आई रडवून रडवून शिकवली, हे मात्र एका ओळीत.

आणि दार उघडलं म्हणजे सगळं झालं असं नाही. बडवे-उत्पात ह्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे हक्क काढायचा कायदा १९७३ चा, तो कोर्टात फिरत फिरत सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल आला जानेवारी २०१४ ला. चाळीस वर्षं! त्याच वर्षी मंदिर समितीनं सगळ्या जातींच्या लोकांकडून, बायकांकडून सुद्धा, पुजारी म्हणून अर्ज मागवले. ह्यावर कुणी नीट पुस्तक लिहायला पाहिजे, कायद्याच्या भाषेत नको, गावाच्या भाषेत. इथं प्रत्येक गल्लीत त्याची वेगळी गोष्ट ऐकायला मिळते, कुणाला विचाराल त्यावर आहे.

नगरी_मिसळ

धागा हिंदू-बौद्ध एवढ्यावरच चाललाय म्हणून मी मधे नाक खुपसतो. आम्ही नगरचे ख्रिस्ती. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलंय का कुणी ह्या अंगानं? सगळे त्यातला विनोद सांगतात, आहेच तो, पण नवरा १८९५ ला बाप्तिस्मा घेतो आणि ही बाई सोवळंओवळं घेऊन मागं राहते, तुटते, परत येते, आणि ते सोवळं कुणी भाषण देऊन सुटत नाही, तिचं तीच विचार करत करत सोडते, हे इतकं प्रामाणिक मराठीत दुसरीकडं वाचलं नाही मी. धर्म बदलणं म्हणजे रोजच्या पाण्याच्या तांब्यापासून बदलणं असतं ते तिथं कळतं.

आणि रेव्हरंड टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या चर्चमधे त्यांची भजनं पेटी-तबल्यावर होतात, डोळे मिटून ऐकलं तर बार्शीकरांचं मंडळच वाटेल. तेव्हा बाबासाहेबांचं संतांवरचं म्हणणं पटलं तरी पूल पाडायची गरज नाही, माझं मत. हां, आमच्याकडे जात गेली असं कुणी समजू नका. प्रार्थनेला एका बाकावर, सोयरिकीला मात्र मूळ कुठले ते पहिलं विचारतात. ह्यावर आमच्यात कुणी फार लिहीत नाही.

माळकरी_काका

निळाईताई, तुमचं बोलणं लागलं, पण कर्ममेळ्यानं सुद्धा देवालाच विचारलं, देव सोडून नाही गेला. एवढं ध्यानात घ्या.

निळाई

घेतलं काका. पण त्याला जायला दुसरी जागा कुठं होती? आम्हाला नागपूरला मिळाली.

बार्शीकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फारच मिळालं. कात्रणंदादा, तारखांचं एकदम पटलं, मी १९४८ आणि ३६ दोनच टोकं धरून बसलो होतो, मधलं नाशिक डोक्यातच घेतलं नव्हतं.

निळाईताई, शनिवारच्या भजनाला कर्ममेळा म्हणू असं मी आमच्या ग्रुपवर टाकलं. एकानं हात जोडले, एकानं विचारलं "हे कुणाचं? अधिकृत आहे का?", पेटीवाले मामा म्हणाले चाल कुठली ते सांग, बाकी नंतर बघू. आणि बुवांनी अजून मेसेज वाचला नाही, किंवा वाचलाय आणि निळी टिक बंद आहे. 'लाज न ये तुमचे चित्ता' हे विठ्ठलाच्या मूर्तीसमोर उभं राहून म्हणायचं म्हणजे माझीच छाती धडधडतेय, खरं सांगतो. जोहाराचं अजून ठरत नाहीये. सोडून द्यावा असंही वाटत नाही, तो पण त्याचाच आहे.

'स्मृतिचित्रे' कुठली आवृत्ती घेऊ? बाजारात दोन-तीन दिसतात.

नगरी_मिसळ

संक्षिप्त अजिबात घेऊ नको, अर्धी मजा कापलेली असते. अशोक देवदत्त टिळकांनी सिद्ध केलेली अभिनव आवृत्ती मिळाली तर ती घे, टिपा भरपूर आहेत. आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात विचार, नाहीतर जुन्या वाचनालयात हमखास.

जुनी_कात्रणं

आणि फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं आहे, मंडळाच्या साईटवर बरीच पुस्तकं फुकट पीडीएफ आहेत, आधी तिथं बघ. छापील हवं असेल तर शासकीय ग्रंथागार, पण जायच्या आधी फोन कर, "स्टॉक संपला" हे वाक्य तिथं फार ऐकलंय मी.