मदत हवी आहे: लिफ्ट, रेझ, हॉइस्ट आणि हीव्ह यांना मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. गोदामातल्या हमालांसाठी असलेल्या सुरक्षा-पुस्तिकेचा इंग्रजीतून मराठी अनुवाद करते आहे आणि 'उचलणे'वर अडकले आहे.

मला समजलेला फरक असा. 'लिफ्ट' म्हणजे वस्तू जमिनीपासून सुटणं. 'रेझ' म्हणजे आधीपेक्षा वर नेणं, मग ती जागेवरून सुटो वा न सुटो. हात वर करतात तेव्हा 'रेझ', आणि पगार, आवाज, शंकासुद्धा 'रेझ'च होतात. 'हॉइस्ट'मध्ये बहुतेकदा दोरी, कप्पी किंवा साखळी असते: शीड, झेंडा, चेनपुलीला लटकवलेलं इंजिन. 'हीव्ह'मध्ये वजनापेक्षा माणसाची ताकद दिसते. सगळं अंग लावून, दम रोखून दिलेला हिसका. सुस्कारा टाकण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात, ते मला फार आवडतं.

आपल्याकडे शब्द कमी आहेत असं मुळीच नाही. काठी उगारतो, गुढी उभारतो, पोराला कडेवर घेतो, विहिरीतला गाळ उपसतो. 'हॉइस्ट'ला 'वर ओढून घेणे' चालेलसं वाटतं. खरी अडचण या वाक्याची आहे: 'पेटी लिफ्ट करा, हीव्ह करू नका.' 'उचला, पण हिसका देऊन उचलू नका' असं लिहिलंय. अर्थ पोचतो, पण पाठीच्या मणक्याचा प्रश्न आहे, म्हणून एका झटक्यात कळणारा शब्द हवा.

तुमच्या गावाकडे, बंदरावर किंवा मार्केट यार्डात अशा उचलण्याला काय म्हणतात? आणि 'रेझ'ला 'वर करणे' पुरेल का?