रोज चालूनही वजन जागचं हलत नाही, नेमकं कुठे चुकतंय?

अबोली

वय ४३, उंची १५६ सेंमी, वजन ६८ किलो, कंबर ९१ सेंमी. नोकरी बैठी. गेले तीन महिने रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत मैत्रिणींबरोबर ४० मिनिटं चालते. सोमवार आणि चतुर्थीचा उपास असतो. घरात आम्ही चौघं, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागतो. थायरॉइड नॉर्मल आहे, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ५.८ आलंय. जिना उतरताना उजव्या गुडघ्याची वाटी दुखते म्हणून सूर्यनमस्कार बंद आहेत. जिम जमण्यासारखी नाही. चालणं वाढवू की जेवण कमी करू? वजनाचा काटा ढिम्म आहे.

पायवाट

आधी हिशोब मांडू. गप्पा मारत बागेत चालण्याचा वेग साधारण ताशी ४ किमी असतो. म्हणजे ४० मिनिटांत पावणेतीन किमीच्या आसपास. तेवढा वेळ नुसतं बसून राहिलं तरी जी ऊर्जा खर्च होते ती वजा केली, तर ६८ किलोच्या माणसाच्या जमेस ९० ते १०० कॅलरी उरतात. घरी येऊन मूठभर शेंगदाणे खाल्ले (२५ ग्रॅम, सुमारे १४० कॅलरी) की खर्चापेक्षा जमा जास्त. यात तुमच्या प्रयत्नात कसूर नाही. चालण्याने होणारा खर्च आपल्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो, एवढंच.

तरी चालणं अजिबात सोडू नका. रक्तदाब, साखर, झोप, सगळ्याला त्याचा फायदा आहे, वजन हललं नाही तरीही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल सांगते. तुमची मिनिटं २८० भरतात, पण ती मध्यम तीव्रतेची आहेत का हे बघायला हवं. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली पाहिजेत. घड्याळ लावून १५ सेकंदांत पावलं मोजा, २५ किंवा जास्त हवीत. दुसरी खूण म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलं तर धाप लागावी. सलग गप्पा रंगत असतील तर वेग कमी आहे.

मैत्रिणींना सोडायची गरज नाही, त्यांच्यामुळेच तर रोज जाणं होतं. पहिली १० मिनिटं सोबत चाला, मग ३ मिनिटं झपाझप आणि २ मिनिटं सावकाश, असे चार फेरे करा, आणि शेवटी पुन्हा सोबत. झपाझप चालताना पाऊल लांब टाकू नका, लहान पण भरभर टाका. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि धक्का थेट गुडघ्याला बसतो.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी, म्हणून आणखी एक सांगतो: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला. जेवणानंतर चढणारी साखर स्नायू तेव्हाच वापरून टाकतात. ऑफिसच्या आवारात किंवा गच्चीवर फेऱ्या मारल्या तरी चालेल.

तव्यावरची

मी फक्त स्वयंपाकघराबद्दल लिहिते, कारण तुमचं उत्तर बरंचसं त्या पाच लिटरच्या डब्यात आहे. पाच लिटर म्हणजे सुमारे साडेचार किलो तेल. चार माणसं आणि तीस दिवस धरले तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. हेच तीन लिटरवर आणलं तर माणशी २३ ग्रॅम होतं आणि प्रत्येकाच्या रोजच्या १३० ते १४० कॅलरी कमी होतात. पोळी कमी केली नाही, भात कमी केला नाही, तरीही!

पण "कमी घालायचं" असं नुसतं ठरवून तेल कमी होत नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी तीन लिटर तेल वेगळं काढा आणि महिना त्यातच भागवा. कढईत बाटली वाकडी करणं बंद, चहाच्या चमच्यानेच तेल घ्यायचं. चौघांच्या भाजीला दोन चमचे पुरतात. तेल चांगलं तापलं की मोहरी तडतडते, त्यासाठी तेल जास्त लागत नाही. कांदा चिकटायला लागला की तेल न वाढवता पाण्याचा हबका मारा. तळण आठवड्यातून एकदाच, आणि तेही या तीन लिटरमधूनच.

एक गोष्ट हमखास निसटते. तेल कमी केल्यावर चव राखायला कूट आणि खोबरं वाढतं. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, म्हणजे साधारण २० ग्रॅम, तिथेच ११० कॅलरी. तेव्हा तेही मोजून घाला.

आता उपास. साबुदाणा ६० ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, दोन चमचे तूप अशी एक बशी खिचडी ४५० कॅलरीच्या पुढे जाते. प्रथिनं जेमतेम कुटाची, त्यामुळे दोन तासांत परत भूक आणि मग वेफर्स, लाडू. उपास करायचाच तर वरईचा भात, दह्यातली काकडी, ताक आणि एक फळ असा करा. दही पाऊण वाटी तरी हवं.

रोजच्या ताटात प्रथिनांकडे बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला किमान ५५ ग्रॅमच्या आसपास. आपलं वरण बहुतेक वेळा इतकं पातळ असतं की वाटीभर वरणात ४-५ ग्रॅमच येतात. दोन्ही जेवणांत घट्ट आमटी किंवा मटकीची उसळ, सोबत दही, आणि चालत असेल तर रोज एक-दोन अंडी (एका अंड्यात ६ ग्रॅम). पोळी किंवा भाकरीआधी उसळ आणि कोशिंबीर खा, भूक लवकर भागते. जेवण टाळणं किंवा रात्री नुसतं सूप पिणं नको. त्याने स्नायू झिजतात आणि दहा-बारा दिवसांत माणूस कंटाळून सगळंच सोडतो.

बैठकवाला

वरच्या दोघांशी सहमत, पण यात स्नायूंचा व्यायाम राहिला. आठवड्यातून किमान दोन दिवस तो हवाच, आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांना तर नक्कीच. चालण्याने मांड्या, पाठ, खांदे मजबूत होत नाहीत. तुमचा गुडघा जिना उतरताना दुखतो, याचं एक नेहमीचं कारण मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असणं हे आहे. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. नसेल तर घरातल्या वस्तूंवर काम भागतं. मंगळवार आणि शनिवार, २५ मिनिटं.

खुर्चीवरून ऊठबस. खुर्ची भिंतीला टेकवा, बसण्याच्या जागी एक घट्ट उशी ठेवा, म्हणजे खाली कमी जावं लागेल. दोन पावलांत खांद्याएवढं अंतर, बोटं किंचित बाहेर. दोन सेकंदांत उठा, तीन सेकंद घेत बसा, धप्पकन बसू नका. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तिथेच थांबा, दुखण्याचं एक कारण तेही असतं. ८ वेळा, दोन फेऱ्या. दर आठवड्याला एक-दोन वाढवत १२ च्या तीन फेऱ्यांवर या, मग उशी काढा, आणि त्यानंतर पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरा.

ओट्यावर हात टेकून दंड. ओटा कोरडा हवा. टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखं सरळ, छाती ओट्याच्या कडेपर्यंत न्यायची. जमलं की पुढे पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. मनगट दुखून सूर्यनमस्कार सोडणाऱ्यांनाही हीच सुरुवात सांगतो.

बादली उचलणं. बादलीत पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. बादली दोन पावलांच्या मध्ये, गुडघे थोडे वाकवून कुल्ले मागे ढकला, पाठ सपाट, कडी धरून सरळ उभं राहा. पाठ कमानीसारखी वाकली तर बादली एका स्टुलावर ठेवून तिथून उचला. पाणी दर आठवड्याला एक लिटर वाढवता येतं.

याबरोबर पाठपिशवीत धान्याची पाकिटं भरून, एक हात पलंगावर टेकवून पिशवी कमरेपर्यंत ओढा, प्रत्येक हाताने १० वेळा. जोर लावताना श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो.

अबोली

फार उपयोगी पडलं सगळ्यांचं. दोन शंका: व्यायामात गुडघा थोडा दुखला तर थांबायचं का? आणि वजन कधी, कसं करायचं? माझं दिवसाला किलोभर इकडेतिकडे होतं.

बैठकवाला

दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत होणं, इथवर चालू ठेवा. त्यापेक्षा जास्त असेल तर उशी परत आणा, एक फेरी कमी करा. काही दिवस जिना चढायचा आणि उतरताना लिफ्ट घ्यायची, उतरण्यातच गुडघ्यावर जास्त ताण येतो. मांड्या भरून येणं वेगळं, ते एक-दोन दिवसांनी जोरात येतं आणि आपोआप जातं.

पायवाट

काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. रोज लिहा, पण बघायची आठवड्याची सरासरी. पाळीच्या आधी, लोणचं-पापड झाल्यावर आणि स्नायूंचा व्यायाम नव्याने सुरू केल्यावर अंगात पाणी धरतं, तेव्हा किलोभर जास्त दिसणं साहजिक आहे. ती चरबी नव्हे. पाळीच्या तारखेनुसार एका महिन्यातल्या आठवड्याच्या सरासरीची पुढच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा.

पहिलं ध्येय पाच टक्के ठेवा, म्हणजे साधारण साडेतीन किलो, तीन ते सहा महिन्यांत. एवढ्यानेही साखरेत फरक पडतो. आणि वजनापेक्षा कमरेला जास्त किंमत द्या. भारतीय स्त्रियांसाठी मर्यादा ८० सेंमी धरतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरायची, श्वास सोडल्यावर, टेप कातडीला लागलेली पण रुतलेली नको. दर दोन आठवड्यांनी पुरे.

तव्यावरची

आणि एचबीए१सी तीन महिन्यांनी परत करा, त्याच लॅबमध्ये. तोवर तेलाचा हिशोब फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर ठेवा. घरातल्या चौघांनाही तो दिसू दे, नाहीतर फोडणी दुसऱ्या कुणी घातली की चमचा बाजूला राहतो.